हिशेब कवडीचा, बक्षीस लाखाचे

व्यापारी घरांत मुलांना पाढ्यांच्या बरोबरीने काही म्हणीही पाठ होत असत. त्या कोणी मुद्दाम शिकवीत नसे. पेढीवर बसता-उठता, उधारी वसूल करताना, दिवाळीच्या वह्या बांधताना त्या कानांवर पडत आणि आयुष्यभर सोबत राहत. पैशाच्या देवाणघेवाणीविषयीची अशीच एक म्हण आहे. गुजराती घरांत ती ‘हिसाब कोडीनो, बक्षिस लाखनी’ अशी म्हटली जाते. हिंदी आणि मारवाडी बोलणाऱ्या घरांत तिचे रूप ‘हिसाब जौ-जौ, बख्शीश सौ-सौ’ असे आहे. मराठीत ती ‘हिशेब कवडीचा, बक्षीस लाखाचे’ अशी होते. भाषा कोणतीही असो, अर्थ एकच आहे. हिशेब करताना कवडीसुद्धा सोडू नये. देताना मात्र लाखाकडे पाहून हात आखडू नये.

म्हण लहान आहे आणि सोपी वाटते. तरीही तिचा उपयोग अनेकदा अर्धवट होतो, आणि त्यातून भावाभावांत, मामा-भाच्यांत, भागीदारांत वर्षानुवर्षांचा दुरावा निर्माण होतो. म्हणून तिच्या दोन्ही अंगांचा नीट विचार करणे उपयुक्त ठरेल.

कवडी, जौ आणि पै

कवडी हे केवळ खेळण्याचे साधन नव्हते. मालदीव बेटांवरून येणाऱ्या कवड्या भारतात कित्येक शतके चलन म्हणून वापरात होत्या; बंगालमध्ये तर बाजारातील सुटे व्यवहार एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत त्यांवर चालत. नाण्यांच्या उतरंडीत कवडी सर्वांत खालच्या पायरीवर होती. रुपयाचे 16 आणे, आण्याचे 4 पैसे आणि पैशाच्या 3 पै, म्हणजे एका रुपयाच्या 192 पै होत. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान पद्धती आली आणि पै व्यवहारातून गेली. भाषेतून मात्र ती गेली नाही. ‘पैन्‌पै चुकती केली’ असे आजही म्हटले जाते. कवडीचेही तसेच आहे. ‘कवडीमोल’, ‘फुटकी कवडी’, ‘कवडीचुंबक’ हे शब्द कवडी न पाहिलेली पिढीही वापरते. हिंदी रूपातील ‘जौ’ म्हणजे जवाचा दाणा. दाण्यादाण्याचा हिशेब, असा त्याचा भाव.

म्हणीतील दुसरा शब्द ‘बक्षीस’ हा फारसीतून आलेला आहे. ज्या धातूवरून तो आला त्याचे ‘देणे’ आणि ‘क्षमा करणे’ असे दोन्ही अर्थ आहेत. हिंदीत ‘बख्श देना’ म्हणजे माफ करणे. त्यामुळे या म्हणीतील बक्षिसात रोख देणगीही येते आणि सोडून दिलेले येणेही येते. मात्र दोन्ही प्रकारांत देणाऱ्याला आपण काय देत आहोत हे ठाऊक असावे लागते.

अर्धी म्हण

काही जण या म्हणीचा पहिला अर्धा भागच लक्षात ठेवतात. चार आण्यांसाठी हमालाशी हुज्जत घालायची, नोकराच्या पगारातून अर्ध्या दिवसाचे पैसे कापायचे आणि ‘हिशेब कवडीचा’ म्हणून त्याला तत्त्वाचे रूप द्यायचे, हा तिचा एक गैरवापर. असे करणाऱ्याच्या वहीत बक्षिसाचे पान कोरेच असते. त्याला म्हणीतील व्यापारी म्हणता येत नाही. त्याच्यासाठी ‘कवडीचुंबक’ हा वेगळा शब्द भाषेने राखून ठेवला आहे.

दुसऱ्या प्रकारचे लोक दुसरा अर्धा भागच पाळतात. सभेत मोठी रक्कम जाहीर होते, हारतुरे होतात. पण त्याच वेळी लहान पुरवठादाराची बिले सहा-सहा महिने अडकलेली असतात. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत, असे 2006 चा कायदा सांगतो. ज्याचे पैसे थकले आहेत त्याच्या दृष्टीने त्या जाहीर देणगीतील काही भाग त्याचाच असतो. दिवाळीला नोकरांना त्यांचा हक्काचा बोनस देऊन त्याला ‘बक्षीस’ म्हणणे हीदेखील याच जातीची गफलत आहे. जे देणे लागतो ते दिले, तर तो हिशेब झाला. त्याच्या वर जे दिले, ते बक्षीस.

येथेच म्हणीचे मर्म हाती लागते. हिशेब आणि बक्षीस हे दोन वेगळ्या स्वभावांच्या माणसांचे गुण नसून एकाच माणसाने एकामागून एक करावयाची दोन कामे आहेत. आधी हिशेब, मग बक्षीस. हा क्रम उलटला, किंवा दोन्ही एकमेकांत मिसळले, की उदारपणाही अन्यायाचे कारण ठरू शकतो.

शास्त्राचा आधार

जैन परंपरेला हा विचार नवा नाही. सर्व संप्रदायांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्रात दानाची जी व्याख्या आहे, तिच्यात अनुग्रहाच्या भावनेइतकेच महत्त्व ‘स्व’ला दिलेले आहे. जे स्वतःचे आहे त्याचा त्याग म्हणजे दान. दुसऱ्याचे देता येत नाही, आणि ज्याची मालकी ठरलेलीच नाही तेही देता येत नाही. आपले किती आणि दुसऱ्याचे किती, हे वही सांगते. म्हणून दानाची पहिली पायरी खतावणीत आहे, असे म्हटल्यास ते वावगे होणार नाही.

श्रावकाच्या अणुव्रतांचे जे अतिचार सांगितले आहेत त्यांतले कित्येक तर थेट पेढीवरचेच आहेत. अचौर्य व्रताच्या अतिचारांत मापात कमी-अधिक करणे आणि भेसळीचा व्यवहार येतो. सत्य व्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ म्हणजे खोटे लेख करणे आणि ‘न्यासापहार’ म्हणजे ठेव बुडवणे येते. यांतील न्यासापहाराचे टीकाकारांनी केलेले स्पष्टीकरण फार सूक्ष्म आहे. ठेव ठेवणारा नेमकी संख्या विसरला आणि त्याने कमी मागितली, तर ‘हो, तेवढीच होती’ असे म्हणून कमी परत करणे, हाच न्यासापहार. येथे कोणी तिजोरी फोडलेली नाही. मागणाऱ्याच्या मागणीप्रमाणेच दिले आहे. तरीही तो दोष आहे, कारण एकाला ठाऊक होते आणि दुसऱ्याला नव्हते. कवडीच्या हिशेबाचा आग्रह का, याचे यापेक्षा नेमके उत्तर सापडणे कठीण.

दोन भावांचे दुकान

हा विचार आकड्यांत मांडून पाहू. समजा, दोन भावांचे एक दुकान आहे. थोरल्याने 6 लाख रुपये भांडवल घातले, धाकट्याने 2 लाख. थोरल्याचा दुसराही व्यवसाय आहे. दुकानात सकाळपासून रात्रीपर्यंत धाकटा असतो. ‘भावाभावांत कसला कागद’ म्हणून भागीदारीपत्र लिहिलेले नाही. वर्षाचा नफा 9 लाख झाला.

थोरल्याच्या मनात असते की भांडवल आपले तिप्पट, तेव्हा वाटाही मोठा. धाकट्याच्या मनात असते की राबतो आपण, तेव्हा मेहनतान्याचे काही तरी वेगळे मिळेल. दोघेही प्रेमापोटी बोलत नाहीत. 1932 चा भारतीय भागीदारी कायदा मात्र अशा वेळी काय धरून चालतो, हे पाहण्यासारखे आहे. करार नसेल तर नफा-तोटा समान वाटायचा. कामाबद्दल कोणालाही वेगळा मेहनताना नाही. भांडवलावर व्याज नाही. म्हणजे प्रत्येकाला साडेचार लाख. कायद्याचा हा हिशेब दोघांपैकी एकाच्याही मनातल्या हिशेबाशी जुळत नाही. एक आतल्या आत म्हणतो, माझ्या पैशावर जगतात. दुसरा म्हणतो, माझ्या घामावर जगतात.

आता हेच आधी लिहून ठेवले असते तर? भांडवलावर 12 टक्के व्याज आणि धाकट्याला महिना 15 हजार मेहनताना असे ठरले, तर व्याज थोरल्याला 72 हजार, धाकट्याला 24 हजार. मेहनताना वर्षाचा 1 लाख 80 हजार. उरले 6 लाख 24 हजार, त्याचे दोन समान भाग 3 लाख 12 हजारांचे. थोरल्याचे एकूण 3 लाख 84 हजार, धाकट्याचे 5 लाख 16 हजार. पैशाला पैशाचे मोल मिळाले, श्रमाला श्रमाचे. वाटा कमी आला म्हणून थोरल्याला वाईट वाटू शकेल, पण का कमी आला हे त्याला दिसते. माणसाला कमी मिळाल्याचे दुःख सोसते. का कमी मिळाले हे न कळल्याचे सोसत नाही.

येथपर्यंत म्हणीचा पहिला भाग झाला. आता दुसरा. थोरल्याच्या मुलीला उच्च शिक्षणासाठी पाठवायचे आहे आणि धाकट्याला काकाच्या नात्याने 1 लाख रुपये द्यावेसे वाटतात. तो गल्ल्यातून रक्कम काढतो आणि ती दुकानखर्चात लिहिली जाते. हेतू शुद्ध आहे. परिणाम काय झाला? नफा एक लाखाने घटला, आणि नफ्याचे दोन समान भाग असल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्यातून 50 हजार गेले. म्हणजे काकाने दिलेल्या भेटीतील अर्धी रक्कम मुलीच्या वडिलांनीच भरली, आणि आभारही त्यांनीच मानले. शिवाय घरगुती भेट धंद्याचा खर्च म्हणून दाखवणे करकायद्यालाही मान्य नाही. हाच लाख धाकट्याने स्वतःच्या खात्यावर नावे टाकून उचलला असता, तर तो पूर्णपणे त्याचा असता आणि पुतणीला मिळालेली भेटही पूर्णपणे काकाची असती. नोंद कोणत्या पानावर पडली एवढाच फरक. पण बक्षीस खरे की निम्मे, हे त्यावरच ठरले.

बहिणीची सही

या म्हणीची खरी कसोटी वाटणीच्या वेळी लागते. 9 सप्टेंबर 2005 पासून हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. हा कायदा जैन कुटुंबांनाही लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले की त्या दिवशी वडील हयात होते की नव्हते, यावर हा हक्क अवलंबून नाही.

अनेक बहिणी आपला हिस्सा भावाच्या नावे सोडतात. स्थावराचे हक्कसोडपत्र नोंदवले जाते, बहीण सही करते, जेवण होते आणि ती साडी घेऊन सासरी परतते. बहिणीने मनापासून हक्क सोडला, तर तिच्यासारखी दाती नाही; ते लाखाचेच बक्षीस आहे. पण त्या आधी तिच्यापुढे कवडीचा हिशेब ठेवला गेला होता का? कोणती दुकाने, कोणती जमीन, कोणावर किती कर्ज, तिचा हिस्सा किती आणि त्याची आजची किंमत काय, हे तिला सांगितले होते का? तिला हे ठाऊक असताना तिने सोडले, तर ते दान. ठाऊक नसताना सही घेतली, तर ठेव ठेवणाऱ्याच्या विस्मरणाचा लाभ घेणाऱ्याहून तो व्यवहार फार वेगळा नाही. भावाचे प्रेम खरे असेल, तर यादी आणि किंमत तिच्यापुढे ठेवण्यात त्याला अडचण वाटू नये. ती सोडणार असेल तर तरीही सोडेल, आणि मग आयुष्यभर ताठ मानेने माहेरी येईल.

भागीदाराच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीचा प्रश्नही असाच असतो. ‘वहिनी, तुम्ही काळजी करू नका, घरात काही कमी पडणार नाही’ असे दीर म्हणतो, आणि तसे वागतोही. महिन्याच्या महिन्याला रक्कम येते. परंतु ती रक्कम म्हणजे तिच्या पतीच्या भांडवलाचे व्याज, नफ्यातील वाटा की दिराची मदत, हे तिला कोणी सांगत नाही. भागीदारी कायद्याने भागीदाराला, तसेच त्याच्या कायदेशीर वारसालाही, खरा हिशेब आणि पूर्ण माहिती मिळण्याचा अधिकार दिला आहे. हिशेब न चुकवता उरलेल्या भागीदारांनी धंदा तसाच चालू ठेवला आणि उलट काही ठरलेले नसले, तर मृताच्या मालमत्तेच्या वापरातून झालेल्या नफ्याचा वाटा किंवा तिच्या रकमेवर दरसाल 6 टक्के व्याज, यांपैकी जे हवे ते वारसांना मागता येते. हक्काचे पैसे मदत म्हणून मिळू लागले की घेणाऱ्याची मान नकळत खाली जाते. हिशेब करून दिला, तर तेच पैसे सन्मानाने घेतले जातात. त्यावर दिराने स्वतःच्या खात्यातून आणखी दिले, तर तो खरा उपकार, आणि तोही उघडपणे स्वीकारता येतो.

नात्यातील हातउसन्या रकमांनाही हाच नियम लागू पडतो. 1963 च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे साध्या उसन्या रकमेच्या वसुलीसाठी दावा करण्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांची असते. संकोचाने मागितले नाही, मुदत गेली, पैसे बुडाले. आणि मग ‘आम्ही सोडून दिले’ असे म्हणून मनात अढी धरली, तर त्यात बक्षीस नाही. सोडायचे असेल तर समोरच्याला स्पष्ट सांगावे आणि वहीत माफीची नोंद करावी. त्याने देणाऱ्याचे मन मोकळे होते आणि घेणाऱ्याचे डोळे वर उठतात. संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणताना ज्या घराशी पैशाचा जुना गुंता आहे, त्या घरी वहीसह जाणे अधिक अर्थपूर्ण होईल.

संघाच्या वहीतला धडा

घरात जी शिस्त अवघड वाटते ती जैन समाज आपल्या संघात पिढ्यानपिढ्या पाळत आला आहे. मूर्तिपूजक संघांत देवद्रव्य, ज्ञानद्रव्य, साधारण अशी खाती वेगळी असतात. जीवदयेचे खातेही अनेक ठिकाणी स्वतंत्र असते. देवद्रव्याची रक्कम साधारण खर्चाला वापरली जात नाही, मग साधारण खात्यात कितीही तूट असो. पर्युषणात लाखांच्या बोली बोलणारा श्रावक आणि एकेक रुपया योग्य खात्यात लिहिणारा मुनीम एकाच उपाश्रयात बसलेले असतात. म्हणीचे दोन भाग तेथे शेजारी-शेजारी दिसतात.

बाजारातील ‘धर्मादा’ हे याचेच दुसरे रूप. ग्राहकाकडून किमतीसोबत धर्मादाय म्हणून लहानशी रक्कम वेगळी घेण्याची चाल अनेक बाजारपेठांत होती. ही रक्कम व्यापाऱ्याचे उत्पन्न आहे की नाही, असा प्रश्न बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. 1979 मध्ये न्यायालयाने ठरवले की ती पहिल्यापासून धर्मादायासाठीच घेतलेली असल्याने व्यापाऱ्याचे उत्पन्न नाही. रक्कम हातातून गेली तरी ती आपली झाली नाही, हे ओळखणे म्हणजेच कवडीचा हिशेब.

आणि लाखाच्या बक्षिसाचे उदाहरण मुंबईत आजही उभे आहे. कापसाच्या व्यापारात नाव काढलेल्या प्रेमचंद रायचंद या जैन व्यापाऱ्यांनी 1864 मध्ये मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले, आणि पुढे मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. मनोऱ्याला त्यांच्या मातोश्रींचे, राजाबाईंचे, नाव मिळाले. 1865 मध्ये अमेरिकेतील यादवी संपली, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईतील अनेक धनिकांबरोबर त्यांनाही मोठा फटका बसला. मनोरा मात्र 1878 मध्ये पूर्ण झाला. जे आपल्या खात्यात ठेवले ते भावाबरोबर खाली गेले; जे वेगळे काढून दिले ते राहिले.

नव्या पिढीची भाषा

आजची मुले हॉटेलात गेली की ‘टीटीएमएम’ म्हणतात, तुझे तू आणि माझे मी. सहलीला जाताना ‘कॉन्ट्री’ काढतात आणि मोबाईलवरून आपापला वाटा क्षणात पाठवतात. वडीलधाऱ्यांना हे कोरडे वाटते; ‘आमच्या वेळी बिलासाठी भांडणे व्हायची, मी देतो म्हणून’ असे ते सांगतात. खरे पाहता मुलांनी म्हणीचा पहिला भाग अचूक उचलला आहे आणि त्यात गैर काही नाही. ज्याची परिस्थिती बेताची आहे त्याला दर वेळी दुसऱ्याच्या उपकाराखाली राहावे लागत नाही. त्यांना फक्त दुसरा भाग सांगावयाचा आहे: ज्या दिवशी मित्राची अडचण कळेल, त्या दिवशी त्याचा वाटा आपल्याकडून भरावा, आणि त्याची नोंद कोणत्याही ॲपमध्ये ठेवू नये.

मराठीत ‘भागीचे घोडे किवणाने मेले’ अशी एक जुनी म्हण आहे. सामाईक घोड्याला जखम झाली, प्रत्येकाला वाटले दुसरा मलमपट्टी करील, आणि घोडे मेले. एकत्र धंद्यांचे आणि एकत्र कुटुंबांचे अनेकदा असेच होते. वैर कोणाचेच नसते, पण हिशेबाचे काम कोणाचेच नसते. दिवाळीला वहीपूजन करताना पहिल्या पानावर गौतमस्वामींची लब्धी आणि शालिभद्राची ऋद्धी मागितली जाते. त्याच दिवशी जुन्या वहीचे शेवटचे पान सर्व भागीदारांनी, घरातील स्त्रियांसह, एकत्र बसून वाचावे. प्रत्येकाच्या खात्याची बाकी मोठ्याने सांगावी. ज्याला जे सोडायचे आहे ते त्याने त्याच बैठकीत सोडावे आणि त्याखाली सही करावी. एका संध्याकाळचे हे काम आहे. ते झाले, की नव्या वहीत कोणाचा राग पुढे ओढला जात नाही.